सात कवड्या

सावाई बेट
४ मार्च १९८९

लेनाताई,

एसेता ऑकलंडला तुझ्याकडे पोचल्याचा निरोप पाद्रीबाबांच्या फोनवर आला आणि माझा जीव भांड्यात पडला. दहा वर्षांची पोर, पहिल्यांदाच विमानात बसली. वाटेत घाबरली का, रडली का, हे तू सांगशील असं वाटलं होतं. पण तू पाद्रीणबाईंना एवढंच म्हणालीस म्हणे, "पेताला सांगा, तिची पोर माझ्यापेक्षा जास्त खाते."

आता नीट वाच आणि थट्टा करू नकोस. तिचा ताप सांध्यांत उतरला आणि सांध्यांतून काळजात गेला, हे तुला ठाऊक आहे. काळजाची एक झडप नीट मिटत नाही. डॉक्टर म्हणाले, दर अठ्ठावीस दिवसांनी कमरेत इंजेक्शन, ती एकवीस वर्षांची होईपर्यंत. मध्ये खंड पडला आणि घशाचा ताप पुन्हा आला, तर झडप कामातून जाईल. इथल्या दवाखान्यात औषध कधी असतं, कधी नसतं. नसलं की बोटीने पलीकडच्या बेटावर जायचं. म्हणून तिला तुझ्याकडे पाठवली, दुसरं काही कारण नाही.

तिच्या पिशवीत कोकोचा डबा आहे, त्यात अठ्ठावीस कवड्या आहेत. रोज सकाळी तोंड धुतलं की एक कवडी डब्यातून काढून करवंटीत टाकायची. डबा रिकामा झाला की इंजेक्शन. तिला मी हे घोटून शिकवलंय. इथे माझ्याकडेही तेवढ्याच कवड्या आहेत, मीही रोज एक टाकते. पहिलं इंजेक्शन २४ फेब्रुवारीला झालं, तिथून दोघींची मोजणी सुरू.

गावात मी सांगितलंय की पोर शिकायला गेली. तूही तसंच सांग. आणि तिला पपई देऊ नकोस, ओकते.

तुझी
पेता


मांगेरे, ऑकलंड
३० एप्रिल १९८९

अध्यक्षबाई इलीसापेता यांस,

तुझं पत्र म्हणजे घरोघर स्वच्छता तपासणाऱ्या तुमच्या महिला समितीचं फर्मानच. वाचताना मी उठून माझ्या घरातली भांडी पालथी घातली, म्हटलं ही बाई पत्रातूनच तपासणी करायची. गावातल्या बायकांना कसं गं सहन होतं?

एसेता मजेत आहे. दर महिन्याला गोऱ्या नर्सबाई गाडी घेऊन दारात येतात. पोर ओठ चावते, पण रडत नाही. माझा धाकटा मात्र नुसती सुई बघून पलंगाखाली शिरतो. नंतर दोन-तीन दिवस एसेता एका पायाने लंगडते. आमचा नवरोबा फेरेती तिला 'म्हातारे, काठी देऊ का' म्हणून चिडवतो, मग ती त्याच्या मागे लंगडत धावते. डबा तिच्या उशाशी असतो. कोणी हात लावला तर भांडते. अगदी तुझी मुलगी आहे.

एकच गोष्ट सांगते, कुणाला बोलू नकोस. त्या नर्सबाई आल्या की मला घाम फुटतो. घर सरकारी, कागदावर सहा माणसं, आणि आम्ही आहोत अकरा. फेरेतीचा भाऊ बायकोपोरांसकट आलाय, त्याला काय रस्त्यावर झोपवू? बाई काही बोलत नाहीत, पण डोळे फिरतात त्यांचे. मी गाद्या आधीच मागच्या खोलीत कोंबून ठेवते. या वयात मला गाद्या लपवायची वेळ आली, हस आता पोटभर.

चर्चमध्ये यंदा पोरांच्या सणाची, पांढऱ्या रविवारची, सगळी तयारी माझ्या गळ्यात पडली आहे. चाळीस पोरं, त्यांचे पाठ, नाच, गाणी. इथली निम्मी पोरं आपली भाषा अशी बोलतात की देवालाही कळू नये. तुझी एसेता तेवढी खणखणीत बोलते. तिला मी पुढे उभी करणार आहे. बघशीलच.

तुझी
लेना


सावाई बेट
१६ जुलै १९८९

लेनाताई,

तू पाठवलेले कपडे मिळाले. ताविताला सदरा घट्ट होतो, पण तो पोट आत ओढून घालतो आणि 'माझ्या मेव्हणीने पाठवला' म्हणून सांगत हिंडतो.

गावात वाईट घडलं. खालच्या आळीतल्या एका ट्रकवाल्याने शेजारच्या गावच्या मुलाला धडक दिली. मुलाचा पाय गेला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी ट्रकवाल्याची सगळी माणसं, पार म्हाताऱ्यांपर्यंत, आपल्या रीतीप्रमाणे माफी मागायला त्या मुलाच्या दारात जाऊन बसली. डोक्यावर चटया घेऊन, माना खाली. आतले दगड मारतील का कोयता घेऊन येतील, काही सांगता येत नव्हतं. ऊन डोक्यावर येईपर्यंत कोणी बाहेर आलं नाही. मग मुलाची आई आली आणि तिने स्वतःच्या हाताने चटई उचलली. मी तिथे होते ताई. त्या बाईचा हात चटईपर्यंत जायला किती वेळ लागला ते मी पाहिलं. मी तिच्या जागी असते तर उचलली असती का, हे मला अजून कळत नाही.

परवा १४ तारखेला इंजेक्शन झालं ना? माझा डबा त्याच दिवशी रिकामा झाला. तू लिहीत नाहीस म्हणून विचारते, बाकी काही नाही.

पेता


मांगेरे
११ ऑक्टोबर १९८९

पेता,

सोबतचा फोटो आधी बघ, मग पत्र वाच.

पाहिलास? मधली, फुलांचा मुकुट घातलेली, ती तुझी मुलगी. रविवारी सगळं चर्च भरलं होतं, लोक खिडक्यांबाहेर उभे होते. पोरांनी डोक्यापासून पायापर्यंत पांढरं घातलेलं. एसेताने अख्खा पाठ एका दमात म्हटला, एक शब्द अडला नाही. आणि मग नाच. काय नाचली गं. पुढे एकटी ती, मागे चाळीस पोरं. म्हाताऱ्या बाया रडायला लागल्या. आमचे पाद्री कोणाचं सहसा कौतुक करत नाहीत, ते सुद्धा जेवताना म्हणाले, "मातालेना, ही कुणाची मुलगी?" मी म्हटलं, "आमच्याच घरची." तेव्हा वाटलं, तू शेजारी असायला हवी होतीस.

दिवसभर नाचली, जराही लंगडली नाही. त्या दिवशी पोरांना आधी वाढतात आणि मोठे मागून जेवतात ना, तर एसेताने ताटात डुकराचं मांस, तारोचे कंद, केक सगळं एकत्र घेतलं आणि मलाच हुकूम सोडत होती, पाणी आण, चमचा आण. मी आणत होते.

वेलिंग्टनच्या चर्चची माणसं मुक्कामाला आली आहेत, सात जण आमच्याकडेच. घरात पाय ठेवायला जागा नाही. म्हणून थोडक्यात लिहिते.

सगळं ठीक आहे.

लेना


सावाई बेट
५ नोव्हेंबर १९८९

लेनाताई,

फोटो सगळ्या गावाने पाहिला. ताविताने तो खांबावर लावलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून दाखवतो. समितीच्या बायका म्हणाल्या, पोर अंगाने भरली.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. इंजेक्शन होतं शुक्रवारी, सहा तारखेला. माझा डबा त्या दिवशी रिकामा झाला होता. पांढरा रविवार आठ तारखेला. म्हणजे दोनच दिवस मध्ये, आणि तू लिहितेस की ती जराही लंगडली नाही. पत्र मी तीनदा वाचलं. ताविताला विचारलं तर तो म्हणाला, "अगं, आता सवय झाली असेल, पोर मोठी झाली." तसंच असणार. तिच्या अंगाला औषध मानवलं म्हणायचं. मी प्रार्थनेत देवाचे आभार मानले आणि तुझेही. मी आई असून जे केलं नाही ते तू करते आहेस.

एसेताला सांग, आईला दोन ओळी लिही.

पेता


सावाई बेट
२ जानेवारी १९९०

लेनाताई,

नाताळ गेला. तुझं पत्र नाही, एसेताचं नाही. फोन केला तर कोणी उचलत नाही. तिकडून आलेला एक जण म्हणाला, नाताळच्या दिवशी चर्चमध्ये तुमच्या बाकावर फक्त फेरेती बसला होता. त्याला बाकी काही माहीत नव्हतं, का सांगायचं नव्हतं, देव जाणे.

जे असेल ते लिही.

पेता


मांगेरे
९ जानेवारी १९९०

पेता,

हे पत्र मी फेरेतीच्या भावाबरोबर पाठवते आहे. तो तुझ्या हातात देईल. त्याच्याजवळ आणखी एक वस्तू आहे, तिचं मागून सांगते.

एसेता इस्पितळात आहे. १७ डिसेंबरपासून. झडप खराब झाली आहे, २३ तारखेला छाती उघडून ती दुरुस्त करणार. डॉक्टर म्हणतात, वाचेल. बहुतेक वाचेल, असं म्हणतात.

हे माझ्यामुळे झालं. आता कसं ते सांगते, कमी-जास्त न करता.

सहा ऑक्टोबरला सकाळी नर्सबाई दारात आल्या. मी विचार केला, आज टोचलं तर परवा पोर लंगडेल. सगळ्यांच्या पुढे, त्या पांढऱ्या झग्यात, लंगडत नाचेल. लोक विचारतील हिला काय झालं, आणि माझ्या सहा महिन्यांच्या मेहनतीवर पाणी पडेल. खरं सांगू, पोरीला लाज वाटेल म्हणून नव्हे, मला वाटेल म्हणून. मी बाईंना दारातूनच म्हटलं, पुढच्या शुक्रवारी या. त्या म्हणाल्या, उशीर बरा नाही. मी म्हटलं, एका आठवड्याने काय होतंय.

एसेता मागे उभी होती. डबा हातात, रिकामा. म्हणाली, "मावशी, संपल्या की." मी करवंटीतून सात कवड्या उचलल्या आणि तिच्या डब्यात परत टाकल्या. म्हटलं, "आता नाही संपल्या." ती हसली. मोठ्या माणसांना असं करता येतं हे तिला ठाऊक नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी वेलिंग्टनची माणसं घरात होती. अठरा जण. नर्सबाईंची गाडी दिसली आणि मी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. पोरांना आत ओढलं. बाईंनी तीनदा दार वाजवलं. एसेताने माझ्याकडे पाहिलं, मी तोंडावर बोट ठेवलं. बाई चिठ्ठी सरकवून गेल्या. ती मी पांढऱ्या रविवारच्या फोटोच्या आमच्याकडच्या प्रतीमागे खोचली. एसेताला म्हटलं, अजून सात टाक. तिने टाकल्या. मग माझं मीच विसरले, किंवा विसरल्यासारखं केलं. चिठ्ठ्या आणखी दोन आल्या. ज्या फोटोची गावाने आरती केली, त्याच्यामागे तीन चिठ्ठ्या होत्या.

नोव्हेंबरात घरातल्या सगळ्या पोरांचे घसे धरले. बाकीच्यांचे उतरले. तुझं पत्र आलं तेव्हा ती अंथरुणात होती. तू माझे आभार मानलेस ते मी मोरीत बसून वाचलं. तेव्हाच धावले असते तरी चाललं असतं. पण इस्पितळात विचारतील, इंजेक्शन कधी झालं, याची मला भीती वाटली. डिसेंबरात तिला चार पावलं चालली की धाप लागायला लागली. एक दिवस ती मोरीपर्यंत गेली आणि परत आलीच नाही, तिथेच बसून राहिली.

आता इस्पितळातलं. डॉक्टरांनी माझ्यासमोर विचारलं, इंजेक्शनं का चुकली? मी तोंड उघडायच्या आत एसेता म्हणाली, "माझ्याकडे कवड्या असतात. मी मोजायला चुकले." डॉक्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, असू दे बाळ. मी तिथे उभी होते, पेता. दोन हातांवर. आणि मी काही बोलले नाही. आजतागायत बोललेली नाही.

मला तुझ्या दारात येऊन बसता येत नाही, कारण तिला सोडून येता येत नाही. म्हणून आईने माझ्या लग्नात दिलेली केवड्याच्या पातीची चटई पाठवते आहे. तिने दीड वर्ष विणलेली. ती दारात ठेव आणि मी तिच्याखाली आहे असं समज. उचलायची नसेल तर उन्हात पडू दे. मी काही म्हणणार नाही.

मातालेना


सावाई बेट
१५ जानेवारी १९९०

लेनाताई,

चटई पोचली. दोन दिवस दारात तशीच होती. मी तिला ओलांडून ये-जा करत होते. तुला शिव्या घातल्या, देवालाही घातल्या असतील. ताविताशीही भांडले, 'सवय झाली असेल' म्हणाला म्हणून. तो बिचारा समुद्रावर जाऊन बसला. मला यायचा परवाना फेब्रुवारीशिवाय मिळत नाही, तीन वेळा कचेरीत जाऊन आले.

तिसऱ्या दिवशी मी चटई उचलली. पण तुला माफ केलं म्हणून नाही. ती अंगणात उलगडली आणि मीच तिच्याखाली बसले. का ते सांगते.

मी तुला पहिल्याच पत्रात खोटं लिहिलं. दवाखान्यात औषध होतं. तिला पाठवण्याआधीचे आठ महिने ते एकदाही संपलं नव्हतं. एसेताला मी तुझ्याकडे पाठवली ती माझं तोंड लपवायला.

आमच्या समितीची वार्षिक तपासणी होती. सगळ्या गावांतून बायका येणार, अध्यक्षाचं घर आधी बघणार. घराभोवतीची खडी जुनी झाली होती. मी एसेताला समुद्रावरून पांढरी खडी आणायला लावली, टोपल्याच्या टोपल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, गुडघे दुखतात." मी म्हटलं, "कामाचं नाव काढलं की तुझे गुडघे दुखतात." तिसऱ्या दिवशी ती अंगणात बसूनच राहिली. मी तिला खराट्याने मारलं, ताई. सुजलेल्या गुडघ्यांवर मारलं. सूज मला दिसली होती. खडी पुरी झाली आणि आम्हाला पहिला नंबर मिळाला. त्या महिन्यात गावातल्या पन्नास पोरांचे घसे मी बॅटरी लावून तपासले होते. घरातल्या पोरीचा तपासला नाही.

मग डॉक्टरांनी सांगितल्यावर मला एवढंच सुचलं की गावाला हे कळायला नको. पोरांच्या तब्येती बघणारी बाई, आणि तिच्याच घरी हे. ती रोज डोळ्यांसमोर लंगडली असती, आणि बायकांनी विचारलं असतं. तू दोन दिवसांसाठी पोरीचं लंगडणं लपवलंस. मी तर अख्खी पोरच लपवली.

समितीच्या बायकांना मी त्या चटईखाली बसूनच हे सगळं सांगितलं. सगळ्यांत म्हातारीने चटई काढली आणि म्हणाली, "इलीसापेता, तू आमच्या दारात का बसलीस? आमचं काय बिघडवलंस?" एवढं बोलून ती घरी गेली.

तिचं बरोबर होतं. म्हणून चटई तुझ्याकडे परत पाठवते आहे, त्याच माणसाबरोबर. ज्याच्या दारात बसायचं त्याच्या दारात बस. पण आधी डॉक्टरांना खरं सांग. पोरीच्या नावावर आपलं पाप राहता कामा नये. हे पत्रही तिला वाचून दाखव, सगळं. ती घरी येईल तेव्हा मी अंगणात बसेन. ती उचलेल तेव्हा उठेन.

पेता


ऑकलंड
११ फेब्रुवारी १९९०

प्रिय आई आणि बाबा,

मी बरी आहे. छातीवर लांब टाके आहेत, इथून इथपर्यंत. झडप शिवली, नवी बसवली नाही. डॉक्टर म्हणाले, नाचता येईल पण पुढच्या वर्षी. इंजेक्शन चालूच राहणार. २ तारखेला घेतलं. लंगडले, पण मी पलंगावरच होते म्हणून कोणाला दिसलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मावशीने डॉक्टरांना खरं सांगितलं. ते मावशीवर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं, असं ती फेरेतीकाकांना म्हणाली. मग मी बरी झाल्यावर ती आजीची चटई घेऊन आली आणि माझ्या पलंगापाशी खाली बसली, डोक्यावर घेऊन. सगळा वॉर्ड बघत होता. नर्सने विचारलं, थंडी वाजते का, ब्लँकेट आणू का? बाजूच्या पलंगावरचा मुलगा हसायला लागला. मी चटई लगेच उचलली नाही. मी आधी अठ्ठावीसपर्यंत मोजलं, हळूहळू. मग उचलली. मावशी खूप रडत होती. मी तिला म्हटलं, आता नर्सबाई आल्या की दार मी उघडणार. ती हो म्हणाली.

कवड्यांचा डबा मी आता कोणालाच देत नाही. मावशीला नाही आणि तुलाही देणार नाही. मला एकवीस वर्षांची होईपर्यंत आणि त्याच्यापुढेही मोजता येतं.

मावशीने तुझं पत्र वाचून दाखवलं. मधे थांबली, मग मी म्हटलं वाच. ते मला माहीत होतं. मी तिथेच होते ना.

आई, तू लिहिलंस की मी येईन तेव्हा तू अंगणात बसणार. तू बसू नकोस. बसायचंच असेल तर घरात बस. अंगणात खडी आहे. खडीवर गुडघे फार दुखतात.

तुझी
एसेता